पत्रिकांच्या हंगामात कुलूपबंद फाइली: बडोद्यातील एका डीटीपी दुकानाचे प्रकरण

बडोद्यात कमुरता लागला की लग्ने थांबतात, पत्रिकांचे काम मात्र थांबत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर छपाईची मांडणी करून देणाऱ्यांकडे) पुढच्या दोन महिन्यांच्या जॉबची रांग लागलेली असते. मराठी घरांच्या पत्रिका, गुजराती घरांच्या पत्रिका, आणि कित्येकदा एकाच पत्रिकेच्या दोन बाजू दोन भाषांत. पुढचे प्रकरण अशाच एका दुकानाचे. दुकान नमुन्यादाखल घेतले आहे. त्यात शिरलेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, मात्र खरा आहे, आणि तो जसा वागतो तसाच इथे दाखवला आहे. त्याचे नाव स्टॉप, किंवा डीजेव्हीयू. तो फाइली कुलूपबंद करतो आणि त्या उघडून द्यायला खंडणी मागतो. मोठ्या कंपन्यांना ओलीस धरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या होतात. हा घरगुती संगणकांवर आणि किरकोळ दुकानांवर पोसलेला, म्हणून त्याची बातमी होत नाही.

दुकानाची मांडणी

संगणक दोन. मुख्य संगणकावर विंडोज १०. २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि १ टीबीच्या हार्ड डिस्कवर गेल्या आठ वर्षांचे जॉब. त्याला २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क कायम जोडलेली. मालकांच्या लेखी तोच बॅकअप. दुसरा संगणक काउंटरवर: टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम), बिले, आणि ‘काम’ नावाचे सामायिक फोल्डर. टॅलीचा डेटाही त्याच फोल्डरात, कारण तो दोन्हीकडून दिसायला हवा होता. फोल्डरला पासवर्ड नाही, कुणालाही वाचण्याचे आणि लिहिण्याचे पूर्ण हक्क. मुख्य संगणकावर दिवसभर ज्या खात्यातून काम चाले ते ॲडमिनिस्ट्रेटरचे.

यातली एकही गोष्ट विरळा नाही. रावपुऱ्यातली दहा दुकाने धुंडाळली तर बहुतेकांत हेच चित्र दिसेल.

रात्रीचे पावणेनऊ

एका गिऱ्हाइकाने पत्रिकेची फाइल आणली ती कोरल या चित्र-मांडणीच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत केलेली. दुकानातली आवृत्ती जुनी, रीतसर विकत घेतलेली. जुन्यात नवी फाइल उघडत नाही. ज्याने फाइल केली त्याला एक फोन करून ‘जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठव’ एवढे सांगितले असते तरी काम झाले असते. कोरलच्या सेव्ह करण्याच्या खिडकीतच आवृत्ती निवडायची सोय आहे. नाहीतर पीडीएफ मागवायची. पण प्रूफ सकाळी द्यायचे होते, म्हणून ऑपरेटरने नव्या आवृत्तीचा क्रॅक, म्हणजे पैसे न देता चालणारी चोरटी प्रत, शोधला.

शोधात वर आलेल्या पानाने त्याला तीन-चार पानांवरून फिरवले आणि शेवटी एक झिप फाइल हातात दिली. झिपला पासवर्ड होता आणि तो पानावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता: १२३४. पासवर्ड सगळ्यांना सांगायचाच होता तर लावला कशाला? कारण कुलूपबंद झिपच्या आत ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. जेमतेम ९ एमबीची ही झिप उघडल्यावर आतून ७०० एमबीची सेटअप फाइल निघाली. मधली जागा नुसत्या शून्यांनी भरलेली असते. शून्ये दाबली की जवळजवळ नाहीशी होतात, आणि उलगडली की फाइल इतकी फुगते की पुष्कळ स्कॅनर ती तपासायचे सोडून देतात. संशयित फाइली तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर जास्तीत जास्त ६५० एमबीची फाइल चढवता येते, हे ती बनवणाऱ्याला ठाऊक असते.

सोबत एक मजकूर फाइल होती. तिच्यात एकच सूचना: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर क्रॅक डिलीट होईल. ऑपरेटरने डिफेंडरचे (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचे) रिअल-टाइम संरक्षण बंद केले, सेटअप ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवला, परवानगीच्या खिडकीत ‘येस’ दाबले. पुढे काहीच झाले नाही. एक काळी खिडकी चमकून गेली. त्याने आणखी दोनदा चालवून पाहिला, फाइल खराब असावी असे म्हणून संगणक तसाच चालू ठेवून घरी गेला.

या प्रकरणातून एक गोष्ट घ्यायची तर ती इथे आहे. मालवेअर भिंत फोडून आला नाही. ब्राउझर, डिफेंडर आणि विंडोजची परवानगीची खिडकी अशा तीन पहारेकऱ्यांना एका माणसाने स्वतःच्या हाताने एकेक करून बाजूला केले. म्हणून अशा घटनेनंतर हटकून विचारला जाणारा ‘मग कुठला अँटिव्हायरस घेऊ?’ हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो. जो पहारेकरी मालक सांगेल तेव्हा झोपतो, तो महागाचा असला काय आणि फुकटचा असला काय.

सकाळ, आणि तिच्यातली मोठी चूक

सकाळी प्रत्येक जॉबचे चिन्ह पांढरे झालेले. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरांची शेपटी. प्रत्येक फोल्डरात ‘रीडमी’ नावाची एक नवी मजकूर फाइल. तिच्यात दर: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केल्यास निम्मे, म्हणजे ४९०. खाली ईमेलचे दोन पत्ते आणि ‘पर्सनल आयडी’ म्हणून अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ. एक फाइल फुकट उघडून दाखवायची तयारीही.

पहिला संशय गेला पेनड्राइव्हवर. “काका, काल त्या फ्लेक्सवाल्याचा पेनड्राइव्ह लावला होता ना, त्याचंच असणार.” संशय स्वाभाविक होता. डीटीपीच्या दुकानात रोज वीस पेनड्राइव्ह लागतात, आणि त्यांतल्या एखाद्यात शॉर्टकट व्हायरस असतोच. पण त्याची खूण वेगळी. तो फाइली लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. मूळ फाइली शाबूत असतात, लपवल्याची खूण काढली की परत दिसतात. इथे नाव बदलून पाहिले, शेपटी काढून पाहिली, तरी कोरल म्हणे फाइल खराब आहे. आतला मजकूरच बदललेला होता.

हार्डवेअरवाला फोनवर म्हणाला, “फॉरमॅट मारा, दुसरं काही नाही.” मालकांनी ते ऐकले नाही हे बरे झाले. मात्र त्यांनी त्याहून घातक काम केले. घरी कपाटात ठेवलेली जुनी डिस्क, जिच्यात दिवाळीपर्यंतचे सगळे जॉब होते, ती आणून त्याच संगणकाला लावली, ‘बघू तरी काय काय वाचलंय’ म्हणून. दहा मिनिटांत तिच्यातल्या फाइलींनाही शेपट्या फुटल्या.

असे का झाले ते नीट समजून घ्यायला हवे, कारण चांगले बॅकअप याच पायरीवर मरतात. हा मालवेअर एकदा चालून थांबत नाही. तो वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’ फोल्डरात विचित्र लांब नावाच्या पोटफोल्डरात स्वतःची प्रत ठेवतो, ते फोल्डर पुसले जाऊ नये म्हणून हक्क बदलतो, आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाचे काम नोंदवतो. ते काम दर पाच मिनिटांनी त्याला पुन्हा उठवते. नवी फाइल करा, नवी डिस्क लावा, पुढच्या फेरीत तीही बंद. डिफेंडर अडवायला हवा होता. पण सोबत आलेल्या दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमने तो बंदच ठेवला होता. कुठली साइट कुठल्या पत्त्यावर शोधायची हे ठरवणाऱ्या विंडोजच्या होस्ट्स फाइलीत फेरफार झाल्यामुळे अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटी त्या संगणकावरून उघडत नव्हत्या. ऑपरेटरला वाटले नेट धीमे आहे.

काउंटरवरच्या संगणकाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्याला लागण झालीच नव्हती. मुख्य संगणकावरच्या मालवेअरने नेटवर्कवरून उघडे दिसलेले ‘काम’ फोल्डर तेवढे बंद केले, त्यात टॅलीचा डेटा गेला. बाकीचा संगणक साफ. लागण झालेला संगणक कुठला आणि नुसती झळ लागलेला कुठला, हे वेगळे काढले नाही तर माणूस चुकीच्या यंत्रावर दिवस घालवतो. रीत सोपी आहे: बिघडलेल्या फाइलींत सर्वांत जुनी वेळ कोणत्या डिस्कवर आहे ते पाहायचे, आणि त्या वेळेच्या आधीचा अर्धा तास डाउनलोडच्या यादीत शोधायचा. डिफेंडरच्या नोंदवहीत संरक्षण बंद झाल्याची नोंद ५००१ या क्रमांकाने पडते. ती रात्री ८.४६ची होती. पेनड्राइव्हवाला निर्दोष सुटला.

असे दिसल्यावर करायचे ते एवढेच. लॅनची तार काढा, वायफायचा डोंगल काढा, जोडलेल्या सगळ्या डिस्का काढा. फाइली डोळ्यांदेखत बदलत असतील तर ‘शटडाउन’ची वाट न पाहता पॉवरचे बटण दाबून धरा. खंडणीच्या चिठ्ठीचा फोनने फोटो घ्या. त्या संगणकाला त्यानंतर काहीही जोडायचे नाही.

न दिसणारी अर्धी चोरी

बंद झालेल्या फाइली डोळ्यांत भरतात, म्हणून सगळे त्यांच्याच मागे लागतात. स्टॉप-डीजेव्हीयूसोबत मात्र बहुधा आणखी एक पाहुणा येतो: व्हिडार, ॲझोरल्ट, रेडलाइन या जातीचा माहितीचोर. तो काही बंद करत नाही आणि काही मागतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आपोआप भरले जाणारे तपशील आणि कुकीज (साइटवर लॉगिन असल्याची ब्राउझरमधली खूण) गोळा करून काही मिनिटांत बाहेर पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसून टाकतो. ब्राउझरमधले पासवर्ड कुलपात असतात खरे, पण त्या कुलपाची किल्ली विंडोजच्या लॉगिनशी बांधलेली. त्याच लॉगिनमध्ये चालणाऱ्या चोराला ती सापडते.

दुकानात हे कुणाच्या ध्यानात आले नाही. चौथ्या दिवशी दुकानाच्या फेसबुक पानावरून अनोळखी मालाच्या जाहिराती चालू झाल्या आणि जोडलेल्या कार्डातून पैसे कटू लागले. मालकांनी तोवर पासवर्ड बदलला होता, तोही त्याच बाधित संगणकावरून. तिथे बसून बदललेला पासवर्ड म्हणजे चोराला दिलेली नवी किल्ली. शिवाय कुकी चोरीला गेली असेल तर पासवर्ड न विचारताच आत शिरता येते, ओटीपीही आड येत नाही, कारण साइटच्या लेखी तो आधीच आत आलेला माणूस असतो. म्हणून नुसते बदलणे पुरत नाही, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करावे लागते.

क्रम महत्त्वाचा. स्वच्छ फोनवरून आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच परत मिळवता येतात. ईमेलमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग किंवा रिकव्हरीचा नंबर घुसवलेला नाही ना, तेही बघायचे. मग बँक आणि यूपीआय. मग जीएसटी पोर्टल, फेसबुक, इन्स्टाग्राम. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुकानाचा संगणक काढून टाकायचा. कार्डातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन आणि बँकेला कळवून कार्ड बंद; पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. खंडणीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. तिने फाइली उघडत नाहीत, पण पुढे विम्याचा किंवा खात्याच्या गैरवापराचा प्रश्न आला तर तारीख हाताशी राहते.

काय वाचले, काय नाही

या मालवेअरबद्दल दोन गोष्टी कळल्या की बरेच हकनाक कष्ट वाचतात.

पहिली किल्लीची. चालू होताच तो आपल्या सर्व्हरकडे नवी किल्ली मागतो. ती मिळाली तर त्या संगणकाच्या फाइली फक्त तिनेच उघडतील. नेट बंद असेल किंवा सर्व्हर बोलला नाही, तर तो पोटात आधीच ठेवलेली ‘ऑफलाइन’ किल्ली वापरतो, आणि त्या आवृत्तीच्या सगळ्या ऑफलाइन बाधितांची किल्ली एकच असते. ओळखायची खूण: पर्सनल आयडीची शेवटची दोन अक्षरे ‘टी१’ असतील तर ऑफलाइन. सी ड्राइव्हवर ‘सिस्टिमआयडी’ नावाच्या फोल्डरात आयडींची यादी सापडते. इथे तिच्यात दोन आयडी होते, एक ‘टी१’वर संपणारा आणि एक नाही. एका फेरीला किल्ली सर्व्हरकडून मिळाली, दुसऱ्या फेरीला मिळाली नाही. म्हणजे सगळ्या फाइलींचे नशीब सारखे नव्हते.

एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने रॅन्समवेअरचे संशोधक मायकल गिलेस्पी यांच्यासह ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुटुंबाच्या १४८ आवृत्त्यांसाठी मोफत डिक्रिप्टर, म्हणजे फाइली उघडणारा प्रोग्रॅम, काढला. ऑगस्ट २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत टोळीने किल्ल्यांची पद्धत पक्की केली. त्या आवृत्त्यांच्या, सर्व्हरकडून आलेल्या ‘ऑनलाइन’ किल्लीच्या फाइली या डिक्रिप्टरने उघडत नाहीत. ऑफलाइनच्या उघडू शकतात, तेही त्या आवृत्तीची किल्ली कुणी मिळवून दिली असेल तरच. कुठल्या कुटुंबाची बाधा आहे हे आयडी रॅन्समवेअर या साइटवर चिठ्ठी आणि एक बंद फाइल चढवून कळते. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेला नो मोअर रॅन्सम हा प्रकल्पही फुकटचे डिक्रिप्टर एका जागी ठेवतो.

दुसरी गोष्ट घाईची. हजारो फाइली लवकर उरकायच्या म्हणून तो प्रत्येक फाइलीचे पहिले सुमारे १५० केबी तेवढेच बदलतो. छोटी फाइल त्यात पूर्ण जाते; मोठ्या फाइलीचे डोके जाते, धड राहते. वर्ड, एक्सेल आणि लहान कोरल फाइली म्हणून गेल्याच. पण ३ जीबीच्या झिपमध्ये बांधून ठेवलेले जुने जॉब, शेपटी काढून सेव्हन-झिपने उघडल्यावर, पहिली एक-दोन सोडून बाकी धड निघाले. लग्नांचे व्हिडिओ मीडिया रिपेअर या फुकट साधनाने बरेचसे सुधारले. त्याला त्याच कॅमेऱ्यातली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ची आशा सोडावी लागली. त्या शॅडो प्रती, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, मालवेअर स्वतःच पुसतो.

हे सगळे बाधित विंडोज चालू न करता झाले. दुसऱ्या संगणकावर रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) चढवले, मुख्य संगणक त्यावरून सुरू केला आणि फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या. लिनक्सवर हा मालवेअर चालत नाही. उतरवताना बंद फाइली, चिठ्ठी आणि ‘सिस्टिमआयडी’ तिन्ही घेतले. ईएक्सई, एमएसआय, बॅट, स्क्रिप्ट आणि शॉर्टकट जातीचे काही घेतले नाही.

पत्रिकांचे जॉब सगळ्यांत जास्त परत आले ते अनपेक्षित ठिकाणांहून: गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रूफे, आणि प्लेटवाल्याला ईमेलने गेलेल्या पीडीएफ. टॅलीची १५ डिसेंबरपर्यंतची प्रत सीएकडे होती. पुढच्या नोंदी बिलबुकावरून हाताने भराव्या लागल्या.

नवी घडी

विंडोज नव्याने टाकताना सिस्टिम डिस्कचे सगळे भाग पुसून टाकले. ‘फाइली ठेवून रीसेट’ हा पर्याय इथे नको, कारण ज्या फोल्डरात तो दडतो ते फोल्डरही वापरकर्त्याचेच असते. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा आज हेच काम करणाऱ्याने विंडोज ११ घ्यावे.

रोजच्या कामाला साधे खाते, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मालकांकडे. दहा मिनिटांचा हा बदल बाकी सगळ्या उपायांहून जास्त उपयोगी पडतो: इन्स्टॉल करायचे तर कुणाला तरी उठून मालकांकडे जावे लागते, आणि तेवढ्या चार पावलांत पुष्कळ मूर्खपणा गळून पडतो. साध्या खात्यातूनही स्वतःच्या फाइली बंद होऊ शकतात, म्हणून अनोळखी प्रोग्रॅमना ठरावीक फोल्डरांत लिहू न देणारे डिफेंडरमधले ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केले. ते चालू केल्याच्या पहिल्याच दिवशी कोरल किंवा टॅली ‘सेव्ह होत नाही’ म्हणून अडेल, आणि वैतागून लोक तिथेच ते बंद करतात. त्याऐवजी अडलेला प्रोग्रॅम परवानगीच्या यादीत घालावा; आठवडाभरात तक्रारी थांबतात. दुसरा अँटिव्हायरस घातला असेल तर ही सोय चालत नाही.

‘काम’ फोल्डरला पासवर्ड लागला, टॅलीचा डेटा त्यातून बाहेर गेला. फाइलींची खरी शेपटी दिसावी म्हणून एक्स्प्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ची खूण केली.

बॅकअपला दोन डिस्का. एक सोमवारी लागते, एक गुरुवारी, प्रत झाली की निघते. एक दुकानात, दुसरी घरी. दोन्ही एकाच वेळी एकाच संगणकाजवळ येत नाहीत. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर पाच फाइली उघडून बघायच्या, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. गूगल ड्राइव्ह आहेच की, असे कुणी म्हणेल. ड्राइव्ह बंद झालेली फाइलही इमानदारीने वर चढवते. जुन्या आवृत्त्या सहसा ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात, आणि हजारो फाइली एकेक करून मागे नेणे म्हणजे हंगाम संपला.

कोरलच्या प्रश्नाचे उत्तर आधीच वर आहे: गिऱ्हाइकाकडून पीडीएफ किंवा जुन्या आवृत्तीतली फाइल. नवे जॉब युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या लिपीत) करायला घेतले तर इंकस्केप या मोफत प्रोग्रॅमवरही पत्रिका होते. मराठीला मुक्ता आणि गुजरातीला मुक्ता वाणी हे ‘एक टाइप’ या संस्थेचे मोफत फाँट जोडीने शोभतात. जुन्या एन्कोडिंगच्या फाँटांतले आठ वर्षांचे मजकूर मात्र तिथे जसेच्या तसे येणार नाहीत, त्यामुळे जुनी कोरल काही काळ राहणारच.

न उघडलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर नाव घालून ठेवल्या आहेत. ‘टी१’च्या फाइलींवर दर काही महिन्यांनी डिक्रिप्टर पुन्हा चालवायचा, आधी प्रत काढून. मधल्या काळात ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची हमी देणारे फोन येतात. ऑनलाइन किल्लीच्या फाइली टोळीकडून किल्ली घेतल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे असा माणूस एकतर तुमच्या पैशातून टोळीला देऊन वर आपला वाटा ठेवतो किंवा आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करतो. त्याला ऑनलाइन आयडीची ५० केबीची एक फाइल द्यावी आणि ती उघडून दाखवल्याशिवाय पुढे बोलू नये. मोठी फाइल नमुन्याला देऊ नये. तिचे धड तर शाबूतच असते.